धावपट्टीच्या अलीकडे

बारामतीच्या विमानतळावर ९ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी एका लहान प्रशिक्षण-विमानाचे पुढचे चाक उतरताना निकामी झाले, विमान आपला मार्ग सोडून बाजूला जाऊन थांबले, वैमानिक सुखरूप बाहेर पडला, आणि जीवितहानी नसल्यामुळे आमच्याकडील वर्तमानपत्रांनी या घटनेला दोन परिच्छेदांहून अधिक जागा देण्याचे प्रयोजन नाही असे ठरवून तो विषय तेथेच संपवला. मला मात्र ज्यांत कोणी दगावलेले नसते अशाच बातम्या अधिक वाचनीय वाटतात. मृत्यू घडला की बातमीवर शोकाचा, संतापाचा आणि राजकारणाचा एवढा थर साचतो की अपघात का झाला हा मूळ प्रश्न त्याखाली दडपून जातो. उलट चाक मोडूनही माणूस कपडे झटकत बाहेर आला असेल तर तो प्रश्न शांत चित्ताने विचारण्याची सोय असते, आणि नेमकी तीच सोय आपण वाया घालवतो.

इंदापूर तालुका आणि आपला सोलापूर जिल्हा यांच्यामध्ये काय ती भीमेची आणि नीरेची शीव. त्यामुळे बारामतीहून उडणारी ही दोन आसनांची विमाने माळशिरस-करमाळ्याकडील शेतकऱ्याला अपरिचित नाहीत. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात सेस्ना जातीचे असेच एक विमान कोसळले. ते एकटीने उडवणारी प्रशिक्षणार्थी थोडक्या जखमांवर बचावली, आणि तिच्या मदतीला प्रथम धावले ते आसपासच्या रानांत काम करणारे लोक. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात, १९ आणि २२ या तारखांना, रेडबर्ड या प्रशिक्षणसंस्थेची दोन विमाने चार दिवसांच्या आत बारामतीच्या परिसरात कोसळली, आणि मागील सहा महिन्यांत त्या संस्थेच्या विमानांना झालेल्या अपघातांची मालिका लक्षात घेऊन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. या प्रत्येक वेळी चावडीवर, चहाच्या टपरीवर आणि बातमीच्या शेवटच्या ओळीत जो निष्कर्ष ऐकू आला तो एकच : नवशिका पोरगा होता, चुकला असेल. नवशिकी पोरगी असेल तर हा निष्कर्ष आणखी लवकर निघतो, हेही नमूद केले पाहिजे.

या निष्कर्षात असत्य आहे असे नाही. त्यात फक्त अर्धे सांगितलेले असते. विमान जमिनीला लागते त्या क्षणी दांडी ज्याच्या हातात असते त्याच्यापाशी आपला तपास सुरू होतो आणि तेथेच संपतो, कारण आपल्या मनातील तपासाचा नमुना हा पोलिसांच्या पंचनाम्याचा आहे. शेतात विमान पडले की पोलीसपाटील येतो, ठाण्याचा अंमलदार येतो, पंच जमवले जातात, जागेची मापे घेतली जातात, जाबजबाब होतात, आणि कसूर कोणाचा हे ठरवण्याच्या दिशेने सारे दफ्तर पुढे सरकू लागते. चोरी, मारामारी, बांधाचा तंटा यांसाठी हा शिरस्ता योग्यच आहे. परंतु विमान-अपघाताच्या चौकशीची जी पद्धत जगाने दुसऱ्या महायुद्धानंतर स्वीकारली, जिचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आपल्या तेराव्या परिशिष्टात १९५१ सालीच ग्रथित केले, आणि जिच्यासाठी भारत सरकारने २०१२ मध्ये विमान अपघात तपास ब्यूरो हे स्वतंत्र कार्यालय उभे केले, तिचा पायाच निराळा आहे. दोष किंवा दायित्व वाटून देणे हा या चौकशीचा हेतू नाही, पुढचा अपघात टाळणे हाच हेतू आहे, असे तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल आणि शक्यतो वर्षाच्या आत अंतिम अहवाल, अशी तिची मुदत.

अशा अहवालांपैकी काही मी वाचले आहेत. गद्य म्हणून ते रुक्ष आहेत. परंतु वैमानिकाने उड्डाणापूर्वी किती तास झोप घेतली, विमानाच्या यंत्राची मागील तपासणी कोणी केली, इंधन कोणत्या साधनाने मोजले, वाऱ्याची माहिती कोणी दिली आणि ती देण्याचा त्याला अधिकार होता काय, असे प्रश्न विचारत विचारत ते अपघाताच्या क्षणापासून मागे मागे जातात, आणि पुष्कळदा ज्या ठिकाणी पोहोचतात ते ठिकाण धावपट्टीपासून फार दूर, एखाद्या कचेरीच्या टेबलाशी असते.

विमान उतरवण्यात असे काय कठीण आहे की जगभरातील विमान-अपघातांचा एवढा मोठा वाटा प्रवासाच्या त्या शेवटच्या काही मिनिटांत पडावा, हे सामान्य वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. उंची आणि वेग या वैमानिकाच्या दोन शिलकी आहेत असे समजा. आकाशात असताना एक कमी पडली तर दुसरीतून भरून काढता येते : खाली झुकून वेग मिळवता येतो, वेग खर्चून वर चढता येते. उतरताना मात्र या दोन्ही शिलकी एकाच वेळी, एकाच ठिकाणी, म्हणजे धावपट्टीच्या आरंभीच्या काहीशे मीटरांत संपवायच्या असतात. एक आधी संपली किंवा दुसरी उरली की हिशेब चुकलाच. सेस्ना १५२ हे आपल्याकडे अनेक वर्षे शिकाऊ वैमानिकांच्या हाताखालून गेलेले लहानसे विमान ताशी सुमारे साठ सागरी मैलांच्या वेगाने उतरणीला लागते, धावपट्टी पायाखाली आली की वैमानिक दांडी हळूहळू मागे घेऊन नाक वर उचलतो, वेग मरत जातो, आणि मागची दोन चाके आधी टेकून मग पुढचे नाजूक चाक आपल्या वजनाने खाली यावे अशी अपेक्षा असते. वेग जास्त उरला असेल तर विमान जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगतच राहते, धावपट्टी भराभर सरकत जाते, आणि अधीर झालेला शिकाऊ नाक खाली दाबून त्याला जबरदस्तीने जमिनीवर बसवू पाहतो. मग पुढचे चाक प्रथम आपटते, विमान उसळते, दुसऱ्यांदा अधिक जोराने आपटते, आणि तिसऱ्या आघाताला त्या चाकाचा दांडा टिकतोच असे नाही. बारामतीच्या त्या सकाळी असेच घडले असे मी म्हणत नाही. चाक मोडण्याची कारणे अनेक असतात, आणि टायर मुळातच फाटलेला असेल तर उत्तम वैमानिकाचाही उपाय चालत नाही. परंतु हलक्या विमानांच्या उतरतानाच्या अपघातांत हा प्रकार इतका नेहमीचा आहे की प्रत्येक उड्डाणसंस्थेतील प्रशिक्षकाला तो तोंडपाठ असतो.

यात सोलापूरच्या हवेचा संबंध कोठे येतो? तो येतो, आणि चांगलाच येतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखाला ती दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी भासते. म्हणजे पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेले सोलापूर विमानाच्या दृष्टीने त्या वेळी महाबळेश्वरापेक्षा उंच असते. अशा विरळ हवेत वेगमापक नेहमीचाच आकडा दाखवतो, परंतु विमान जमिनीवरून प्रत्यक्षात सुमारे आठ टक्के अधिक वेगाने जात असते, आणि तो वेग जिरवण्यासाठी लागणारे अंतर त्याहूनही अधिक प्रमाणात वाढते. शिकाऊ वैमानिक डोळ्यांवर विसंबला तर खालची जमीन नेहमीपेक्षा भरभर मागे जाताना पाहून आपण फार वेगात आहोत असे समजतो, वेग कमी करतो, आणि ज्याच्या खाली पंखाची धारणाशक्ती संपते त्या मर्यादेच्या जवळ जाऊन पोहोचतो. त्यात आपली काळी माती. नांगरून टाकलेले रान दुपारी तापले की त्यावरून हवेचे लोट वर उठतात; त्याला लागून उसाचा हिरवा फड असेल किंवा होटगीसारखे तळे असेल तर त्यावरची हवा थंड, जड. उतरणीला लागलेले हलके विमान रानावर आले की आपोआप वर उचलले जाते आणि फडावर आले की खाली बसते. वावटळीचे दिवस असतील तर विचारूच नका. तीनशे लोकांना नेणाऱ्या मोठ्या विमानाला जो धक्का कळतही नाही तो सातशे-साडेसातशे किलो वजनाच्या विमानाला चांगलाच जाणवतो. लातूर जिल्ह्यात निलंग्याला २५ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडताच वाऱ्याची चाल बदललेली पाहून चालकाने ते पुन्हा उतरवण्याचा निर्णय घेतला, ते विजेच्या तारांत अडकून आदळले, आणि आतील सर्वजण सुदैवाने वाचले, ही घटनाही मे महिन्यातील तापलेल्या दिवसाचीच होती.

इतके सारे प्रतिकूल असताना वैमानिकाच्या हाती एक उपाय असा आहे की त्यापुढे बाकीचे उपाय दुय्यम ठरावेत, आणि तो म्हणजे न उतरणे. यंत्राला पूर्ण शक्ती द्यायची, नाक वर घ्यायचे, पुन्हा एक घिरटी घालायची आणि नव्याने यायचे. वैमानिक याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. तीन अंशांच्या उताराने येणारे विमान पाचशे फुटांवर असते तेव्हा धावपट्टी अजून सुमारे तीन किलोमीटर पुढे असते. हलक्या विमानाला तेथे पोहोचायला दीड मिनिटाहून थोडा अधिक अवकाश लागतो. त्या ठिकाणी वेग, उंची, दिशा आणि उतार ही चारही मनासारखी नसतील तर उतरण्याचा नाद सोडावा, असा जगभरचा दंडक आहे. आणि तरीही ‘फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन’ या जागतिक संस्थेने केलेल्या अभ्यासात असे आढळले की अशा अस्थिर उतरणींपैकी सुमारे तीन टक्केच वेळा वैमानिक प्रत्यक्षात परत वर जातात. उरलेल्या सत्त्याण्णव वेळा ते नेट धरून खाली येतात, आणि बहुतेक वेळा काही होत नाही. काही होत नाही हेच त्यातले विष आहे. शंभरदा निभावलेली चूक माणसाला कौशल्य वाटू लागते.

मंगळूरचा अपघात आता पंधरा वर्षांमागे गेला. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरील त्या धावपट्टीवर इतके पुढे जाऊन टेकले की आठ हजार तेहतीस फुटांपैकी पाच हजार दोनशे फूट मागे पडलेले होते. १६६ जणांपैकी १५८ जण प्राणास मुकले. चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते वायुदलाचे माजी उपप्रमुख, निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले, आणि त्यांच्या अहवालात जो तपशील नोंदला आहे तो वाचून कोणाही विचारी माणसाला काही वेळ पुस्तक मिटून बसावेसे वाटेल : सहवैमानिकाने मुख्य वैमानिकाला परत वर जाण्याविषयी एकदा नव्हे, तीनदा सांगितले होते. प्रवासाचा बराच काळ झोपेत गेलेल्या मुख्य वैमानिकाने ते मानले नाही, आणि सहवैमानिकाने दांडी स्वतःच्या हाती घेतली नाही, कारण तशी घेण्याची मुभा त्याला नेमकी केव्हा आहे याविषयी नियमांतच संदिग्धता होती. आपल्या घरांत, कचेऱ्यांत आणि पक्षकार्यालयांत धाकट्याने वडीलधाऱ्याचे चुकते आहे हे पाहूनही हळू आवाजात सांगायचे आणि मग गप्प बसायचे ही जी रीत आहे, तिचे विमानाच्या बंद खोलीत काय होते हे गोखल्यांच्या अहवालाइतके स्पष्ट मी अन्यत्र वाचलेले नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, कोळिकोडला जे घडले ते आम्हा मराठी माणसांना अधिक जिव्हारी लागले, कारण त्या विमानाचे कप्तान दीपक साठे हे नागपूरचे, वायुदलात नाव कमावलेले, आणि अत्यंत अनुभवी. भर पावसात पहिला प्रयत्न त्यांनी सोडून दिला, म्हणजे नियमाप्रमाणे जे करायचे तेच केले. दुसऱ्या बाजूने, पाठीशी वारा घेऊन, त्यांनी पुन्हा उतरण्याचा यत्न केला, आणि विमान जवळजवळ निम्मी धावपट्टी ओलांडल्यावर टेकले. एकवीस माणसे गेली, त्यांत ते स्वतः आणि त्यांचे सहवैमानिकही. तपास ब्यूरोने मुख्य कारण म्हणून वैमानिकाचाच निर्णय नोंदवला, परत वर जाण्याची सहवैमानिकाची सूचना येथेही मानली गेली नाही हे सांगितले, आणि वर्तमानपत्रांचे वाचन बहुधा तेथेच थांबले. परंतु अहवाल तेथे थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळिकोडहून निघणारे एक विमान याच कप्तानाने न्यायचे होते, आणि रात्री आपण अन्यत्र उतरलो तर ते उड्डाण अडचणीत येईल ही जाणीव त्यांच्या निर्णयामागे होती, असे तपास-अधिकाऱ्यांना दिसले. आणि ते उड्डाण दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नव्हते, कारण कोळिकोडच्या तळावर सव्वीस सहवैमानिक असताना कायम नेमणुकीचा कप्तान फक्त एक होता. ही नेमणूक कोणी केली? पावसाने नाही, वाऱ्याने नाही. कोठेतरी एका वातानुकूलित दालनात, मनुष्यबळाच्या तक्त्यावर, कोणीतरी एका रकान्यात एक आणि दुसऱ्या रकान्यात सव्वीस असे आकडे भरले आणि तो कागद मंजूर झाला. त्या सहीवर पंचनामा होत नसतो.

मोठ्या विमानांच्या या गोष्टी हलक्या विमानांच्या चर्चेत आणण्याचे कारण एवढेच की लहान विमानांच्या बाबतीत हाच प्रकार लहान प्रमाणात आणि अधिक वेळा घडतो. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला कर्ज काढल्याशिवाय झेपत नाही. प्रत्येक तास पैशांत मोजला जातो, प्रशिक्षक तासांत मोजला जातो आणि विमानही तासांतच मोजले जाते. अशा व्यवस्थेत एकट्याने उडणाऱ्या एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाने आज वारा आडवा आहे म्हणून उड्डाण करू नये, किंवा उतरण मनासारखी जमली नाही म्हणून तीनदा परत वर जावे, अशी आपण अपेक्षा करतो खरी. पण खाली उतरल्यावर त्याचे स्वागत कोणत्या शब्दांनी होते यावर ती अपेक्षा पुरी होणार की नाही हे ठरते. ‘एवढे जमत नाही?’ असे ज्याला एकदा ऐकून घ्यावे लागले तो पुढच्या वेळी नेट धरून उतरतो. शिकाऊ मुलाच्या चुकीचे कारण शोधायचे तर त्याच्या वहीत शोधावे, प्रशिक्षकाच्या शेऱ्यांत शोधावे, विमानाच्या दुरुस्तीच्या नोंदीत शोधावे. नुसते त्याच्या हातांकडे पाहून ते सापडायचे नाही.

आता आपल्या घरचे. सोलापूरकरांना उतरणीचा मार्ग म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे खरे तर कारण नसावे, कारण या एका विषयावर गावात जितका वाद झाला तितका क्वचितच कोणत्या दुसऱ्या गावात झाला असेल. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या उतरणमार्गात अडथळा ठरली होती. उतरण्याच्या बिंदूच्या एक किलोमीटर अलीकडे, तीन अंशांच्या उताराने येणारे विमान जमिनीपासून जेमतेम बावन्न मीटरांवर असते. अडथळ्यांविषयीचे नियम तर याहूनही कडक असतात, कारण विमान ठरल्या रेषेपेक्षा खाली घसरू शकते हे गृहीत धरूनच ते केलेले असतात. एवढे साधे गणित फळ्यावर मांडून दाखवले असते तर तंट्याचे निम्मे अंग गळून पडले असते. आपण मात्र तो विषय वर्षानुवर्षे शेतकरी विरुद्ध शहर, एक घराणे विरुद्ध दुसरे, मोर्चा विरुद्ध उपोषण, अर्ज विरुद्ध स्थगिती अशा अखाड्यात खेळवला. केंद्राच्या उडान या विमानसेवा-योजनेच्या पहिल्याच फेरीत, २०१७ साली, सोलापूरचे नाव निघाले होते. चिमणी पडली १५ जून २०२३ रोजी, विमानतळाच्या नूतन रूपाचे उद्घाटन झाले २९ सप्टेंबर २०२४ रोजी, आणि गोव्याचे पहिले विमान उडाले ९ जून २०२५ रोजी. ऊस घालणाऱ्या हजारो सभासदांचा त्रागा मला समजतो. गाळप थांबले तर नुकसान त्यांचेच होते आणि त्या प्रकल्पातील गुंतवणूकही त्यांच्याच घामाची होती. ज्यांच्याकडे परवानगी मागायची होती आणि ज्यांनी ती तपासायची होती त्यांनी पाया खोदण्यापूर्वी नकाशा उघडला असता, तर पुढची सारी कटुता टळली असती, असे मात्र म्हणावेच लागते. समजा, त्या वर्षांत धुके असलेल्या एखाद्या सकाळी एखादे लहान विमान त्या चिमणीच्या वाटेला गेले असते. दुसऱ्या दिवशीची बातमी ‘वैमानिकाची चूक’ अशीच आली असती, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही.

चिमणी गेली म्हणून उतरणमार्ग निष्कंटक झाला असे समजणे धाडसाचे होईल. विमानतळाच्या दहा किलोमीटरांच्या परिघात उघड्यावर जनावरे कापू नयेत आणि कचरा टाकू नये असे १९३७ च्या विमान नियमांतील एक्क्याण्णवावे कलम सांगत आले आहे, कारण जेथे घाण तेथे घारी आणि जेथे घारी तेथे विमानाच्या यंत्राला धोका. दहा किलोमीटर म्हणजे सोलापूर शहराचा फार मोठा भाग झाला. महानगरपालिकेच्या कोणत्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हे कलम आहे, त्याचा अंमल कोणत्या पेठेत कसा होतो, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे. पतंग आणि नायलॉनचा मांजा यांची गोष्टही अशीच. १९३४ च्या विमान कायद्याने तर विमानाच्या व्याख्येतच पतंगाचा समावेश केला होता, म्हणजे विमानतळालगतच्या गच्चीवरून पतंग उडवणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने वैमानिकच ठरत असे, आणि तोही विनापरवाना. धावपट्टीभोवतीच्या नव्या इमारतींची उंची, मोबाइलचे मनोरे, बांधकामावरच्या क्रेन या बाबींकडेही आजच लक्ष दिले तर पुढे सुरुंग लावावे लागणार नाहीत.

आणखी एक दडपण आहे, आणि ते आपण सर्व मिळून निर्माण करतो. आषाढी-कार्तिकीला, निवडणुकीच्या हंगामात, एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्यात सोलापूरच्या धावपट्टीवर लहान विमाने आणि हेलिकॉप्टरे यांची ये-जा असते. खाली हार घेऊन कार्यकर्ते उभे असतात, पंढरपूरच्या किंवा अक्कलकोटच्या कार्यक्रमाची वेळ ठरलेली असते, मंडप भरलेला असतो, आणि हवा वाईट आहे म्हणून पाहुण्यांचे विमान हैदराबादकडे वळले तर तो कोणाचा तरी अपमान समजला जातो. वैमानिकाने परत फिरण्याचा निर्णय घेतल्यावर मागच्या आसनावरील व्यक्ती किती मोठी आहे याचा मुलाहिजा त्याला बाळगावा लागू नये, एवढे तरी आपल्या सार्वजनिक जीवनात रुजायला हवे. आता गोव्यापाठोपाठ मुंबईचीही विमानसेवा सुरू झाली आहे, म्हणजे हा प्रश्न मंत्र्यांपुरता राहिलेला नाही. चादरीचा व्यापारी, परीक्षेला निघालेली मुलगी आणि रुग्णाला घेऊन चाललेले कुटुंब हेही आता त्या शेवटच्या तीन किलोमीटरांचे वाटेकरी आहेत.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. गाड्या किती मिनिटे उशिरा आल्या हे जसे प्रसिद्ध होते तसे सोलापूरच्या विमानतळावर दरमहा किती वेळा विमानांनी उतरण्याचा बेत सोडून पुन्हा घिरटी घातली, किती वेळा ती अन्यत्र वळवावी लागली, आणि त्याची कारणे काय होती, हे वैमानिकांची नावे न छापता जाहीर करावे. आणि तपास ब्यूरोचे महाराष्ट्रातील लहान विमानांविषयीचे अहवाल राज्य सरकारने मराठीत उपलब्ध करून द्यावेत, म्हणजे कडबनवाडीच्या शेतकऱ्यालाही आपल्या रानात काय पडले आणि का पडले हे वाचता येईल. तो मासिक आकडा दोन-चार आला तर मी समाधानाने मुंबईच्या विमानाचे तिकीट काढीन. वर्षभर तो शून्यच राहिला, तर मात्र मला सिद्धेश्वर एक्सप्रेसचे आरक्षण पुरेल.